माझे सर, माझंच बाहुलं

कापडाच्या गादीवर बसून साऱ्या जगाचं इंग्रजी दुरुस्त करणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते माझ्या बायकोला विचारा. तिच्याकडे त्यासाठी एक शब्द आहे. तो मी इथं लिहीत नाही, पुढंमागं नातवंडं वाचतील.

दुकान कारंज्याच्या बाजारात. अस्तर, परकराचं कापड, ब्लाउजपीस. माझी पदवी मात्र इंग्रजी साहित्याची. त्या पदवीनं दुकानाचं एकच भलं केलं, पाटीवर ‘मॅचिंग सेंटर’ बिनचूक लिहिलं आहे. दुपारी बाजार पेंगतो, गिऱ्हाईक नसतं, आणि रिकाम्या डोक्याचा इंग्रजी शिकलेला माणूस किती घातक असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अशाच एका दुपारी मला शोध लागला की इंटरनेटवरच्या त्या मोठ्या इंग्रजी ज्ञानकोशात कुणीही जाऊन लिहू शकतो. पगार नाही, परीक्षा नाही, ओळखपत्र नाही.

मी पहिल्यांदा काय लिहिलं असेल? कारंज्याच्या पानावर, जैन मंदिरांच्या खाली, कापूसबाजाराच्या वर, आमच्या दुकानाचं नाव. आधी ‘सुप्रसिद्ध’ हे विशेषण लावून. समोरच्या टपरीवरचा चहा येईपर्यंत ते उडालेलं होतं. खाली कुणीतरी टीप सोडली होती, की बाबा रे, हा ज्ञानकोश आहे, जाहिरातीची भिंत नव्हे. शहाण्या माणसानं तिथंच कॉम्प्युटर बंद केला असता. मी खातं उघडलं.

त्या ज्ञानकोशाच्या प्रत्येक पानामागं आणखी एक पान असतं, चर्चेचं. वाचणाऱ्यांना ते सहसा दिसत नाही. फुकट राबणारी माणसं तिथं एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. लोकांना वाटतं की धर्मावरून, इतिहासावरून भांडत असतील. तेही भांडतात. पण खरं विष निघतं ते इंग्रजीवरून. ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, यावरून वर्षानुवर्षं बोलणं टाकलेली माणसं मी तिथं पाहिली. मी स्वतः ‘व्हाइल’ बरं की ‘व्हाइल्स्ट’ बरं यावर इतका पेटलो होतो, की एका बाईनं अस्तर मागितलं तर तिला परकराचं कापड फाडून दिलं.

“भाऊ, तुमचं ध्यान कुठी हाये?” ती म्हणाली.

खरं उत्तर देण्याची सोय नव्हती. ते कापड पुढं आमच्या घरात उशांच्या खोळींच्या रूपानं बरीच वर्षं नांदलं. बायको पाहुण्यांना खोळ दाखवून सांगायची, “हे आमच्या यायचं इंग्रजी.”

या खुळात मी सरांना ओढलं. आठवीपासून दहावीपर्यंत त्यांनी मला इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त होऊन ते कामरगावला, आपल्या गावी राहायला गेले होते. बाजाराच्या निमित्तानं एसटीनं कारंज्याला यायचे, आणि दुकानात टेकायचे. एकदा मी फुशारकीनं त्यांना माझी संपादनं दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, “यात आपलं कामरगाव हाये का?”

होतं. दोन ओळींचं. अमुक तालुक्यातलं, तमुक जिल्ह्यातलं गाव आहे, बस्स.

सरांनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. “लेका, मी जिंदगीभर दुसऱ्यायचेच निबंध तपासले,” ते म्हणाले. “माहं सोताचं एक पान कुठीच नाई.”

तेव्हापासून त्यांचा ध्यास तोच. गल्ल्याजवळच्या माझ्या कॉम्प्युटरवर बसून, दोन बोटांनी, ते कामरगाव लिहू लागले. त्यांचं खातंही मीच काढून दिलं. सरांचं इंग्रजी खळ घातलेल्या सदऱ्यासारखं होतं. चालताना आवाज करायचं. पूर्णविरामानंतर दोन जागा मोकळ्या सोडायच्या, हा त्यांचा टाइपरायटरच्या काळातला दंडक. वाक्य ‘नीडलेस टू से’नं सुरू व्हायचं, मध्ये ‘द सेड व्हिलेज’ यायचं, आणि असहमती दाखवायची झाली तर ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’शिवाय तोंड उघडायचं नाही. आठवडी बाजार, तुरीची शेतं, बसथांब्याजवळची दुकानं, शाळा, सगळं त्यांनी त्या खळीच्या इंग्रजीत उभं केलं. एकेक परिच्छेद झाला की मोठ्यानं वाचून दाखवायचे. गिऱ्हाईकही थांबून ऐकायचं. कळायचं काही नाही, पण ऐकायला झकास वाटायचं.

मग कात्रीवाला आला.

त्याचं हे नाव आम्ही ठेवलेलं. कुठला कोण, अजूनही ठाऊक नाही. जगातली सगळी पानं आखूड करणं हाच त्याचा छंद असावा. त्यानं एका सकाळी सरांच्या पानातली निम्मी वाक्यं कापली. “नीडलेस टू से, द वीकली बाजार इज द व्हेरी हार्टबीट ऑफ द सेड व्हिलेज” याचं त्यानं केलं, “गावात आठवडी बाजार भरतो.” एवढंच. शेजारी शेरा, की जे सांगण्याची गरज नाही असं लेखक स्वतःच म्हणतो, ते सांगतो कशाला?

इथं मी कडू घोट गिळून कबूल करतो, की शेरा वाचून मला हसू आलं होतं. सर समोर नसते तर मोठ्यानं हसलो असतो. पण सर समोर होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती कळा होती, जी मी त्यांच्या वर्गात मुलांच्या चेहऱ्यावर पाहिली होती, लाल शाईची वही परत मिळाल्यावरची.

“काहून कापलं थ्यानं?” त्यांनी विचारलं.

“सर, तिथं साधं इंग्रजी लागते म्हंतात.”

“मंग हे काय फाटकं हाये?”

मी चवताळलो. शिष्य म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू? भांडायला मला आयतं कारण मिळालं म्हणून. मी वाक्यं परत आणली. त्यानं परत कापली. मी चर्चेच्या पानावर उतरलो, सरही उतरले. भारतातलं इंग्रजी हेही इंग्रजीच आहे, आमच्या गावाबद्दल आमच्या इंग्रजीत लिहू द्या, असं मी लिहिलं. कात्रीवाल्यानं उत्तर दिलं की इंग्रजी भारतातलं असो की चंद्रावरचं, फुगवलेलं ते फुगवलेलंच. शेवटी तिथल्या रिवाजाप्रमाणे मामला चारचौघांपुढं गेला. सरांचा मजकूर ठेवायचा की कापलेला ठेवायचा, यावर ज्याला वाटेल त्यानं येऊन मत द्यायचं, आणि काही दिवसांनी कारभाऱ्यांनी निवाडा करायचा. कारभारी म्हणजे ज्यांच्या हातात कुलपं असतात ते. त्यांनाही पगार नाही, म्हणून ते फार कडक असतात.

मतं देणं चालू होतं आणि मध्येच आमची क्षमावाणी आली.

आमच्यात दशलक्षण पर्व संपलं की या दिवशी जो भेटेल त्याच्यापुढं हात जोडायचे. जाणता-अजाणता, मनानं, वाणीनं, कृतीनं तुमचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. बापानं मुलाला म्हणायचं, सासूनं सुनेला, दुकानदारानं शेजारच्या दुकानदाराला. कारंज्यात आम्ही जैन तेवढेच हे म्हणतो असं नाही. आमच्या शेजारचा भांडीवालाही त्या दिवशी शटर वर करताकरता ओरडतो, “उत्तम क्षमा, शेटजी, पन कालचं तुमीच चुकले होते!” यात गुन्हा कबूल करण्याचा संबंधच नसतो. उलट ज्याचं काही बिघडवलं नाही त्याचीही मागायची.

त्या दिवशी दुकान थंड होतं. सोयाबीन अजून शेतात उभं होतं, आणि ते बाजारात आल्याशिवाय आमच्याकडे कुणी कापड घेत नाही. घरच्यांची, गल्लीची, फोनवरच्यांची क्षमा मागून झाली. मग मनात आलं, की वर्षभर सर्वांत जास्त भांडलो कुणाशी? ज्ञानकोशातल्या लोकांशी. त्यांनी काय पाप केलं? मी सुबक इंग्रजीत मसुदा केला आणि जितक्यांशी आजवर भांडलो होतो तितक्यांच्या पानावर चिकटवत सुटलो. कात्रीवाल्याच्याही. डोळ्यांत पाणी आलं होतं. स्वतःच्या चांगुलपणानं माझे डोळे नेहमीच भरून येतात.

तेवढ्यात सर आले. क्षमावाणीला ते दरवर्षी यायचेच. मी पाया पडलो, मसुदा दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

“लय चांगला हाये,” म्हणाले. “मलेही मागू दे. मीही थ्या कात्रीवाल्याले ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ म्हनून म्हनून बरंच बोललो.”

“मागा ना सर.”

त्यांनी माझं खातं बंद करायला लावलं, स्वतःचं उघडलं. माझ्याच मसुद्यात ‘नोइंगली’च्या मागं एक स्वल्पविराम घातला. शिक्षक तो शिक्षकच. मग तोच मजकूर त्याच लोकांना पाठवला. त्याच गल्ल्यावरून, तासाभराच्या आत. आम्ही दोघांनी चहा घेतला. बायकोनं दिलेला लाडू सरांनी खिशात ठेवला. फार बरं वाटत होतं आम्हाला.

दुसऱ्या दिवशी कात्रीवाल्यानं तक्रार दाखल केली.

मतदान चालू असताना पुष्कळ लोकांना एकसारखे निरोप पाठवणं म्हणजे त्या जगात प्रचार. मोठा गुन्हा. शिवाय मी ‘जाणूनबुजून’ दुखावल्याचं स्वतःच्या हातानं लिहून दिलेलं. त्याहून पुढं म्हणजे, त्याचं म्हणणं असं, की हे दोन संपादक मुळात एकच माणूस आहेत. आपलं मत दुप्पट दिसावं म्हणून दुसऱ्या नावानं काढलेल्या खोट्या खात्याला तिथं बाहुलं म्हणतात. पुरावे त्यानं ओळीनं मांडले होते. दोघंही पूर्णविरामानंतर दोन जागा सोडतात. दोघंही ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ म्हणून मग अनादर करतात. दोघांचंही ‘नीडलेस टू से’. दोघांचा क्षमेचा मजकूर अक्षरशः एक. असलं इंग्रजी लिहिणारी दोन वेगळी माणसं एकाच लहानशा गावात असणं शक्य नाही, असा त्याचा समारोप.

कारभाऱ्यांनी तपासलं. कनेक्शन एकच निघालं, कॉम्प्युटरही एकच. निकाल लागला. माझं खातं मूळ, सरांचं खातं माझं बाहुलं. दोन्हींना कुलूप. बाहुल्याचं कायमचं, माझं काही महिन्यांचं. आणि बाहुल्याचं मत धरायचं नसतं, म्हणून चर्चाही आम्ही हरलो. कामरगावचं पान कापलेलंच राहिलं. सरांची दोन-तीनच वाक्यं कात्रीला चुकून शिल्लक राहिली होती.

मी कारभाऱ्यांना पत्र लिहिलं, क्षमावाणीची रीत समजावली, आणि पुरावा म्हणून त्याच ज्ञानकोशातलं क्षमावाणीचं पान दाखवलं. एका कारभाऱ्यानं कळवलं, की त्या पानाला पुरेसे संदर्भ नाहीत. जमल्यास शोधून द्या.

सरांना सांगणं आलं. पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी सांगितलं. त्यांच्या पानावर भलीमोठी पाटी लागली होती, हा संपादक म्हणजे अमुक संपादकाचं बाहुलं. अमुक म्हणजे मी. त्यांनी ती अक्षर न अक्षर वाचली.

“मी तुहं बाहुलं?”

“सर, थ्यायले काय समजते.”

“अरे पन मी तुहं बाहुलं कसा होईन? असलाच तं तू माहा असशीन!”

यावर मी हसलो. सर हसले नाहीत. आणि खरं तर त्यात हसण्यासारखं होतं काय? माझ्या इंग्रजीतला एकेक शब्द त्यांनी छडी टेकवून माझ्यात घातलेला. वहीतही दोन जागा सोडल्या नाहीत म्हणून मला बाकावर उभं केलेलं. साऱ्या जगातल्या लोकांना आमच्या इंग्रजीतलं सारखेपण दिसलं, बरोबर दिसलं. फक्त त्यांनी ते उलट्या बाजूनं वाचलं.

“माफीत तं पाह्य,” सर एकदम सावरून बसले. “तुह्यात कॉमा नाई. माह्यात हाये! दोन मानसं हायेत याचा हा सबूत नोय का?”

तो स्वल्पविराम जगात फक्त आम्हा दोघांनाच दिसत होता.

कुलूप उघडावं म्हणून अर्ज करता येतो. तो ज्याचा त्यानं, स्वतःच्या पानावर, स्वतःच्या शब्दांत लिहायचा. सरांनी लिहिला. आठवडाभर घरी कागदावर घोटून आणलेला. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’नं सुरू होणारा, दोन-दोन जागा सोडलेला, शेवटी ‘अँड आय शॅल एव्हर रिमेन ग्रेटफुल फॉर द सेम’. मी वाचला, ते हुबेहूब माझंच इंग्रजी होतं. पण हे सांगायचं कुणाच्या जिवावर? अर्ज गेला. नामंजूर होऊन आला. कारण म्हणून एकच वाक्य, लेखनशैली मूळ खात्याशी तंतोतंत जुळते.

इथं मी माझी अक्कल पाजळली.

“सर, थोडं निरायं इंग्रजी लिहा ना. त्यायच्यासारखं. लहान लहान वाक्यं.”

“म्हंजे मीच मी हाओ हे सांगासाठी मी दुसऱ्यावानी बोलू?”

“एकडाव फक्त. कुलूप निघेपर्यंत.”

त्यांनी प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगतो. कीबोर्डवर बोटं ठेवून बसले. एक लहान वाक्य लिहिलं. मग त्यांना ते उघडं वाटलं, त्याला त्यांनी ‘नीडलेस टू से’ नेसवलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. शेवटी खुर्ची मागं सारली. “नाई होत लेका. या वयात जीभ नाई वयत.”

दुकानामागंच आमचं घर, बायको आतून हे ऐकत होती. ती म्हणाली, “तं सरायले मराठीत सांगू द्या ना. तो फोन करते नाई का भाषांतर?”

अशी सूचना माझ्या डोक्यात कधी आली नसती. पण उचलून धरली मीच. फोन सरांच्या तोंडापुढं धरला. सर सांगू लागले, आपल्या वऱ्हाडीत. मी कोन, कुठचा, हा पोरगा माहा विद्यार्थी, याच्या दुकानात बसून लिवतो, मले घरी कॉम्प्युटर नाई, थ्या दिवशी सनासुदीची माफी मागतली, यात चोरी कायची? फोनला वऱ्हाडी समजेना, म्हणून मी मध्येमध्ये पुस्तकी मराठी करून सांगत गेलो. पलीकडून इंग्रजी बाहेर पडलं. लहान वाक्यं. ना खळ, ना इस्त्री. मी एक निवृत्त शिक्षक आहे. तो माझा माजी विद्यार्थी आहे. आम्ही एक संगणक वापरतो. यापुढं मी हे जाहीर करीन.

पूर्णविरामानंतर एकच जागा.

सरांनी वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्यांना खटकलं असावं. “पाठव,” म्हणाले.

दोन दिवसांनी मंजुरी आली. मी फोन करून त्यांना बोलावून घेतलं, पेढे आणून ठेवले. कारभाऱ्यानं लिहिलं होतं, की स्पष्ट, प्रामाणिक निवेदनाबद्दल आभार, ही शैली निश्चितच वेगळ्या व्यक्तीची आहे, आणि आधीच्या लेखनापेक्षा पुष्कळच वाचनीय.

मी गाढवानं हे मोठ्यानं वाचलं. शेवटपर्यंत. वर म्हणालो, “पाह्यलं सर? मान्य केलं त्यायनं!”

“कोनाले?” सर म्हणाले.

मी पेढा पुढं केला. तो त्यांनी घेतला नाही. खुर्चीवर बसले, स्वतःचं खातं उघडलं. ती पाटी निघाली होती. मग कामरगावचं पान उघडलं आणि कात्रीतून वाचलेली आपली दोन-तीन वाक्यं शोधून काढली. शाळेबद्दलचं एक होतं, फार नटवं आणि फार सुंदर. मला वाटलं, आता बाकीची परत आणतात. त्यांनी ती उरलेली वाक्यंसुद्धा पुसली. दोन बोटांनी, एकेक अक्षर. तिथं लहान वाक्यं टाकली. गावात शाळा आहे. गावातून बस जाते.

“सर, हे काय करून राह्यले?”

“त्यायले हे वाचता येते म्हंतात ना.”

तेवढ्यात पडद्यावर एक खूण उमटली. तिथं एखाद्याचं काम आवडलं की त्याला एक बटण दाबून आभार कळवता येतात. कात्रीवाल्यानं सरांचे आभार मानले होते. इतक्या भांडणात पहिल्यांदाच.

सर उठले. चपला घालताना म्हणाले, “तू लिव. तुहं कुलूप निघन काई दिवसानं.”

माझं कुलूप निघालं. मी लिहितो. लिहितो तेव्हा पूर्णविरामानंतर दोन जागा सोडतो, ‘नीडलेस टू से’ घालतो, आणि कुणीतरी येऊन ते कापतं. पूर्वी मी भांडायचो. आता कापू देतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावर घालतो. हट्ट म्हणा, खोड म्हणा. ते इंग्रजी लिहिणारा तिथं मी एकटाच उरलो आहे, आणि ते माझं नाही.

सर कारंज्याला येतात अजून. बाजार असतो, बँक असते. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जातात. मी गादीवरून हात जोडतो, तेही जोडतात. आम्ही दोन वेगळी माणसं आहोत हे आता सगळ्या जगानं मान्य केलं आहे, आणि सरांनीही.